अकरा जणांना तेरा गुण

"बाई, डबा ठेवा बाजूला आणि आधी खाली या," मशीनवरचा ऑपरेटर फोनवर म्हणाला. "काहीतरी उलटंच झालंय."

भिंगवाल्या बाईंनी उघडलेला डबा तसाच झाकला. परीक्षा मंडळात त्यांना सगळे याच नावानं ओळखत. अठरा वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. उत्तरपत्रिकेवरची खाडाखोड भिंगातून बघायची आणि ती कोणाच्या हातची आहे ते सांगायचं.

समान चाचणी दर वर्षी एकाच दिवशी, एकाच वेळी, सगळ्या शाळांतल्या तिसरीपासून पुढच्या मुलांना द्यावी लागे. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकाखाली चार गोल. बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलनं काळा करायचा. पोर कसं आहे, त्याला काय जमतं, काय खुपतं, हे कोणी विचारायचं नाही. गोल मोजायचे. आणि तेही माणसानं नाही, मशीननं.

अठरा वर्षांत बाईंनी पुष्कळ लबाड पकडले होते. शाळेचा निकाल वर जावा म्हणून मुलांचे चुकलेले गोल खोडणारे शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, एकदा तर एका मुलाचे आजोबा होते. चूक खोडायची आणि बरोबर करायचं, हीच सगळ्यांची तऱ्हा.

ऑपरेटरनं टेबलावर निकालानंतरच्या फेरतपासणीत निघालेल्या चौथीच्या अकरा उत्तरपत्रिका पसरल्या. बाईंनी एक पाहिली, दुसरी पाहिली. मग चष्मा पुसून पुन्हा पहिली हातात घेतली.

"बरोबर खोडून चूक केलंय," त्या म्हणाल्या.

"अकराच्या अकरा. एकाच शाळेतल्या, एकाच वर्गातल्या. आणि गुण बघा."

प्रत्येकाला तेरा. ना बारा, ना चौदा.

"पास व्हायला किती लागतात?"

"चौदा."

नऊ-दहा वर्षांच्या पोरांना एका गुणानं नापास करून कोणाला काय मिळणार होतं? बाईंना संताप आला. कामात त्यांना सहसा राग येत नसे, पण आज आला. हा जो कोणी आहे त्याला सोडायचं नाही, असं ठरवून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा गाठली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीमागे एक मोठा आलेख टांगला होता. दर वर्षीच्या निकालाची लाल रेघ. ती चार वर्षं वर चढली होती आणि या वर्षी खाली घसरली होती. मुख्याध्यापक त्या आलेखाकडे घरात कोणी आजारी असल्यासारखे बघत होते.

"वर्गात मुलं किती?" बाईंनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"आणि ही अकरा कोण?"

"आधारवर्गातली." त्यांनी आवाज खाली आणला. "ढ म्हणा ना सरळ."

"मी तसं म्हणत नाही. आधारवर्ग म्हणजे काय ते सांगा."

"गेल्या वर्षीच्या चाचणीत जी मुलं चौदाच्या खाली गेली त्यांना रोज दोन तास वेगळ्या खोलीत शिकवतात. त्यासाठी मंडळ एक मदतनीस शिक्षिका देतं. पोरं तिला ताई म्हणतात, आता सगळी शाळाच म्हणते. पण एका वर्गात चौदाच्या खाली निदान दहा मुलं असतील तरच मदतनीस मिळते. नऊ झाली की जागा रद्द आणि वर्ग बंद. नियम तुमच्याच मंडळाचा आहे, बाई."

"या वर्षी किती राहतील असं वाटत होतं?"

"एकही नाही. ताई स्वतःच म्हणायची, सगळी पास होणार. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच तिला बोलावलं. म्हटलं, बघ बाई, पोरं पास झाली की तुझी जागा गेली. आत्तापासून दुसरीकडे बघून ठेव."

"ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, मग माझं काम झालं म्हणायचं."

"हे बोलणं कुठे झालं?"

"इथेच. दार लावून घेतलं होतं. कोणाच्या कानावर जायचं कारण नाही."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. "म्हणजे मुलं नापास झाली तर जागा टिकते. फायदा झाला तर एकट्या ताईचा."

"मी काही म्हणत नाही," मुख्याध्यापक म्हणाले, आणि जे म्हणायचं ते त्या चार शब्दांत म्हणून टाकलं.

शिपाई दाराबाहेरच उभा होता. 

"पेपर झाल्यावर गठ्ठा कुठे होता, मामा?"

"माझ्या कपाटात. मंडळाच्या गाडीवाल्यासमोरच सील करायचं असतं, आणि गाडी आली दोन तास उशिरा."

"कपाटाला कुलूप होतं?"

"असतं की. म्हणजे नेहमी असतं. त्या दिवशी नेमकी किल्ली सापडेना."

"त्या दोन तासांत कपाटापाशी कोण आलं?"

शिपायानं मान खाली घातली. "ताई आली होती. खडू न्यायला."

"किती वेळ होती?"

"खडू घ्यायला लागतो तेवढा. पण बाई, ताई तसली नाही हो."

"तसली कोणीच नसते, मामा. परीक्षेच्या वेळी वर्गात लक्ष ठेवायला कोण होतं?"

"दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. घंटा झाली तेव्हा मीच त्यांना हलवलं."

आधारवर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीला लागूनच, जिन्याखाली होता. पूर्वी तिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. आता अकरा छोट्या खुर्च्या होत्या आणि एक बुटकं टेबल. भिंतीभर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक पट्टीला घड्या घालून आठ सारखे भाग पाडलेले, काही भाग लाल रंगवलेले, काही निळे, आणि एक भाग कोरा. काही पट्ट्या नीट कापलेल्या होत्या, काही उंदरानं कुरतडल्यासारख्या. कुरतडलेल्याही तितक्याच मानानं लावल्या होत्या.

ताई वर्गावर गेली होती. बाई एका छोट्या खुर्चीवर कशाबशा टेकल्या आणि उत्तरपत्रिका पुन्हा भिंगाखाली घेतल्या.

पहिलीवर गुलाबी रबराचा चुरा चिकटलेला होता. दुसरीवर हिरवा, त्याला अजून गोडसर वास येत होता. तिसरीवर पेन्सिलीच्या टोकाच्या रबरानं ओढलेले तांबूस ओरखडे. चौथीला तर रबर लागलंच नव्हतं. बोट ओलं करून घासलं होतं आणि कागदाला भोक पडलं होतं. पुसलेल्या गोलांखाली पहिली उत्तरं अंधुक दिसत होती. बाईंनी ती मोजली. एकाची सव्वीस बरोबर होती, एकाची एकतीस, सगळ्यांत कमी ती एकवीस. जे येत नव्हते ते प्रश्न कोरे सोडले होते. अंदाजानं कोणी काही ठोकून दिलं नव्हतं.

आणि आणखी एक. तेविसावा प्रश्न अकराही पत्रिकांवर बरोबर होता, आणि त्याला रबर लागलं नव्हतं.

"हो, औषध घेतलं," शेजारून आवाज आला. "अगं घेतलं म्हणतोय ना! तू काय तिथून गोळ्या मोजणार आहेस का माझ्या?"

बाई दचकल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मुख्याध्यापक पलीकडे फोनवर घरी बोलत होते. बाईंनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. पातळ लाकडी फळी होती. 

ताई आली तेव्हा तिच्या बोटांना डिंक लागलेला होता. पंचविशीतली असेल. ती समोरच्या छोट्या खुर्चीवर सवयीनं बसली.

"मी कशाला आले ते कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय," ताई म्हणाली. "मीच केलं ते."

अठरा वर्षांत इतक्या चटकन कोणी कबूल झालं नव्हतं.

"कधी केलं?"

"गठ्ठा कपाटात होता तेव्हा. खडू आणायला गेले तेव्हा."

"कशानं खोडलं?"

ताईनं पिशवीतून पांढरं खोडरबर काढून टेबलावर ठेवलं. "यानं."

"सगळं यानंच?"

"हो."

"कशासाठी?"

"नोकरी जाणार होती म्हणून." ताई पाठ केल्यासारखं बोलत होती, आणि पाठांतर काही तिला जमत नव्हतं.

"तेविसावा प्रश्न अवघड होता," बाई म्हणाल्या. "बाकीच्या वर्गात बत्तीस जणांपैकी सहा जणांनाच आला. तोही चुकवलात?"

"हो. तोही चुकवला."

बाईंनी एक उत्तरपत्रिका तिच्याकडे सरकवली आणि प्रश्नावर बोट ठेवलं. एका पट्टीचा अर्धा भाग निळा आहे, तीन अष्टमांश भाग लाल आहे, तर न रंगवलेला भाग किती?

ताईनं पाहिलं. मग दुसरी पत्रिका ओढली. तिसरी. एकेक करत अकराही पाहिल्या आणि तिचा चेहरा उजळला.

"सगळ्यांचा आलाय!" ती म्हणाली. "बाई, सगळ्यांचा बरोबर आलाय! तीन आठवडे घालवले हो आम्ही यावर. पट्ट्या कापकापून जीव गेला आमचा. आणि हा बघा, धडपड्याचा! धडपड्याचासुद्धा आलाय! आणि हा..."

ती एकदम थांबली.

"या उत्तरपत्रिका तुम्ही आत्ता पहिल्यांदा बघताय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

ताईनं तोंडावर हात धरला. मग तिला रडू फुटलं आणि ते तिला आवरेना.

"निकाल लागला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "रोज बिनचूक सोडवत होती हो. पण मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. बाई, माझंच नाव लिहा. मी मोठी आहे, मला कुठेही काम मिळेल. त्यांना ढ तर आधीच चिकटवलंय, आता लबाडही चिकटवायचं का?"

 येताना बाईंनी ज्याला सोडायचं नाही असं ठरवलं होतं ते माणूस या शाळेत नव्हतंच.

मधली सुट्टी संपल्यावर अकरा मुलं आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसली. मुख्याध्यापक दारात उभे राहिले, आत बसायला त्यांच्या मापाची खुर्ची नव्हती. शिपाई त्यांच्या मागून डोकावत होता.

"गुन्हेगार सापडला का?" मुख्याध्यापकांनी विचारलं. ताईचे लाल डोळे बघून उत्तर त्यांनी आधीच धरलं होतं.

"सापडले," बाई म्हणाल्या. "पण ताई नाही. पहिली गोष्ट, खाडाखोड दीडशेच्या वर आहे. खडू घ्यायला लागतो तेवढ्या वेळात ती कोणाच्यानं होईल? दुसरी गोष्ट, रबर एक नाही. गुलाबी आहे, हिरवं आहे, पेन्सिलीच्या टोकाचं आहे आणि एका ठिकाणी नुसतं ओलं बोट आहे. एका माणसानं अकरा तऱ्हांनी खोडलं नाही. अकरा जणांनी आपापलं खोडलं."

हिरवं रबर असलेल्या मुलानं ते पटकन मुठीत लपवलं.

"तिसरी गोष्ट. तेविसावा प्रश्न अकरांपैकी कोणीच चुकवला नाही, आणि हे ताईला माहीत नव्हतं."

"पण बाई," मुख्याध्यापक म्हणाले, "स्वतःला नापास करून घेईल असं पोर कधी बघितलंय का? आणि नियम यांना कसा कळणार? मी दार लावून बोललो होतो."

"आज औषध घेतलंत ना?"

"घेतलं. म्हणजे... तुम्हाला कसं कळलं?"

"या फळीतून. तुम्ही दार लावता साहेब, पण भिंत लावायची राहिलीय. ताईला तुम्ही जे सांगितलंत ते इथे बसलेल्या अकरा जणांनी ऐकलं."

 मग जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक मुलगी उठली. सगळ्यांना गप्प बसवायची आणि रांगेत उभं करायची म्हणून वर्गानं तिला मास्तरीण नाव ठेवलं होतं.

"मी सांगितलं सगळ्यांना," ती म्हणाली. "मला शिक्षा करा."

"काय सांगितलंस?"

"आधी येतील तेवढे सगळे सोडवायचे. मग मोजायचे. मग तेराच ठेवायचे आणि बाकीचे पुसून चूक करायचे."

"आधीच चूक का नाही केले?"

मास्तरीण त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, याचं तिला नवल वाटलं असावं. "बरोबर कुठलं ते कळल्याशिवाय नक्की चूक कसं करणार? चुकून बरोबर आलं असतं तर?"

"दहा जण नापास झाले तरी वर्ग राहिला असता. मग अकराही कशाला?"

"एक जास्तीचा. धडपड्या चुकून पास झाला असता म्हणून."

"मी नव्हतो होणार," धडपड्या म्हणाला.

"आणि तेराच का? पाच का नाहीत, सहा का नाहीत?"

"फार कमी पडले असते तर ताईनं काही शिकवलंच नाही असं लोक म्हणाले असते." मास्तरिणीनं चष्मा वर सरकवला. "चौदाला एकच कमी ठेवला. तेवढा पुरतो ना?"

 नेमके तेरा पाडायचे तर आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे पक्कं ठाऊक असावं लागतं. मशीननं या पोरांना नापास ठरवलं होतं. बाईंनी अठरा वर्षांत इतका चोख हिशेब कुठल्या पास झालेल्या मुलाचा पाहिला नव्हता.

"आणि तेविसावा?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. धडपड्यानं उत्तर दिलं. "तो कोणी पुसायचा नाही असं ठरलं होतं. तो चुकला असता तर ताईला वाईट वाटलं असतं."

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"म्हणजे," मुख्याध्यापक सावकाश म्हणाले, "मूळची उत्तरं धरली तर ही सगळी पास?" त्यांच्या डोळ्यांसमोर लाल रेघ वर चढली होती. मग त्यांची नजर ताईच्या पाठीकडे गेली आणि त्यांनी ती खाली वळवली. तेवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

बाईंनी अहवालाचा कागद काढला. मंडळाचा अहवालही चाचणीसारखाच होता. गैरप्रकार कोणी केला? शिक्षक, मुख्याध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी. चार गोल, एकच काळा करायचा. ताईचा गोल काळा केला तर ताई जाणार. मुलांचा केला तर त्यांच्या नावावर डाग पडणार, मूळ उत्तरांनी ती पास होणार, वर्ग बंद पडणार आणि तरीही ताई जाणार.

मास्तरीण जवळ येऊन कागद वाचत होती. तिला सगळं वाचता येत होतं. ताईनंच शिकवलं होतं.

"बाई, प्रत्येक प्रश्नात एक उत्तर बरोबर असतंच ना?"

"असतं."

"आम्ही पास झालो तर ताई जाणार होती. नापास झालो तरी जाणार. मग आम्ही कुठला गोल काळा करायचा होता?"

भिंगवाल्या बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. मोठ्या माणसानं असं म्हटलेलं मुलांनी याआधी ऐकलं नसावं. 

शेवटी धडपड्यानं हात वर केला. "ताई, पण तेविसावा बरोबर आला ना?"

ताईनं डोळे पुसले आणि मागे वळली. "आला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

आणि त्या पोरांनी आरडाओरडा करून खोली डोक्यावर घेतली. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी खुर्चीवर चढलं, धडपड्या खुर्चीवरून पडला. शेजारी वर्ग चालू होते, पण मुख्याध्यापकांनी कोणाला गप्प बसवलं नाही.

बाईंनी एकही गोल काळा न करता सही केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी हकीकत लिहिली, नियमासकट. मशीन कागदाची मागची बाजू वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. आठवड्यानं अहवाल 'अपूर्ण' असा शिक्का बसून त्यांच्याच टेबलावर परत आला. तोवर वरच्या कार्यालयानं उत्तरपत्रिका परत मागवून, पुसलेली मूळ उत्तरं धरून नवा निकाल लावला होता. अकराही मुलं पास झाली, ताईची जागा रद्द झाली, आणि जिन्याखालच्या खोलीत झाडू आणि मोडक्या खुर्च्या परत गेल्या. भिंतीवरच्या पट्ट्या काढून टाकायला शिपायाला सांगितलं होतं. किल्ली सापडत नाही म्हणून तो रोज ते काम उद्यावर ढकलतो.